फळनाका

सान हुआनहून सकाळी सुटणारी मंगळवारची बस घाटाच्या शेवटच्या वळणावर आली की आतली माणसं खायला लागतात. मला नाक्याच्या खिडकीतून दिसतं. ज्याने पिशवीत पीच, केळी, अंजिरं काय असेल ते भरून घेतलेलं असतं, तो ते घाईघाईने तोंडात कोंबतो, कारण पुढे नाक्यावर मी उभी असते आणि माझ्या शेजारी पिंप असतं. आमच्या खोऱ्यात बाहेरचं ताजं फळ येऊ द्यायचं नाही असा नियम आहे. फळातून माशी येते, अळी येते आणि अलीकडे द्राक्षाचा पतंगही येतो. पिंपात टाकण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं, असा लोकांचा विचार. रुफिना चाकोन एकदा दोन डझन अंजिरं संपवून उतरली आणि नाक्यामागच्या भिंतीआड तासभर बसून राहिली. तिच्यासाठी बस थांबवून ठेवावी लागली होती.

मी झुलेमा. एकवीस वर्षं या नाक्यावर काढली आहेत. झुलेमा कुणावर विश्वास ठेवत नाही असं एल साउसालमध्ये सगळे म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. नाक्यावरच्या बाईने विश्वास ठेवायचा नसतो. भाऊ म्हणतो, ताई, तू पाद्रीबाबाचीसुद्धा पिशवी हुंगशील. हुंगली होती. दोन प्लम निघाले.

त्या वर्षी तर मी डोळ्यात तेल घालून बसले होते. आमच्या खोऱ्याला 'स्वच्छ खोरं' असा कागद आहे. तो आहे तोवर आमची द्राक्षं ताजी ताजी ब्युनोस आयरेसच्या बाजारात जातात. पण जानेवारीत एल साउसालमधल्या कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या चिकट कागदांवर, एकेक करून दोन पतंग चिकटले. नखाएवढा, मळक्या रंगाचा किडा. कुणी बघितला तर फुंकर मारून उडवून देईल. त्याची अळी मात्र घडात शिरली की मणी न् मणी पोखरते आणि वर जाळं विणून ठेवते. शहरातून शेतकी खात्याचे इंजिनिअर ओलगिन येऊन सापळे बघून गेले आणि म्हणाले, "तिसरा सापडला तर वर्तुळ मारावं लागेल. पतंग जिथून आला त्या जागेभोवती पाचशे मीटर. आतले सगळे घड कापून खड्ड्यात."

सगळे म्हणजे सगळे. माझ्या भावाची, निटोची, दोन हेक्टरवर मोस्कातेल द्राक्षांची बाग आहे, मांडवावर चढवलेली. आदल्या वर्षी काढणीच्या आठवडाभर आधी गारा पडल्या आणि त्याने एक घडसुद्धा विकला नाही. हे वर्षही तसंच गेलं तर बाग मोडून शहरात बांधकामावर जाईन, असं तो म्हणाला होता, आणि निटो उगाच बोलणारा माणूस नाही. काढणीला महिना राहिला होता.

असा सगळा मामला असताना तो सॅकवाला तिसऱ्यांदा आला.

सॅकवाले मला नवे नाहीत. मेंदोझापासून उत्तरेला बसने एकेक वाईनचं गाव करत येतात. बस थांबवून वाइनरीच्या फाटकाशी उतरतात, तीन पेले चाखतात, पॉप्लरच्या झाडांखाली तंबू ठोकतात, सकाळी मोजे वाळत घालतात आणि पुढची बस पकडून पुढच्या गावाला जातात. पुढच्या गावाला, हे महत्त्वाचं. एका गावात दोनदा येणारा सॅकवाला मी बघितला नव्हता. हा पठ्ठ्या दर सोमवारी दुपारच्या बसने शहरात जायचा आणि दर मंगळवारी सकाळी, पाठीवर तेच एवढं मोठं धूड घेऊन, परत यायचा. आणि याच तीन आठवड्यांत आमच्या सापळ्यांत पतंग. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"झुलेमाबाई, तुमचा लाडका आणलाय," बस थांबवून वेन्स म्हणाला. वेन्स आमचा ड्रायव्हर, तोंडाळ माणूस. "चौथ्या सीटवर. साखरझोपेत आहे, हळू उठवा."

मी हळू उठवलं नाही. तो सॅक घेऊन उतरला. उंच, काटकुळा, उन्हाने सोललेलं नाक, आणि जबड्यावरून डोक्यापर्यंत रुमाल बांधलेला. नाव योरिस, बेल्जियमचा. आमची भाषा तो बोलायचा, पण एकेक शब्द वेचून.

"परत तू?"

"परत मी."

"सॅकमध्ये काय आहे?"

"कपडे. तंबू. पातेलं."

"फळ?"

"नाही."

"द्राक्षं?"

"नाही. मी चावत नाही. दात वाईट. शहरात डॉक्टर, सोमवारी."

"दर सोमवारी?"

"मोठा दात," तो म्हणाला.

मी सगळी सॅक लोखंडी टेबलावर उलटी केली. तंबू उलगडला, हुंगला. मोजे झटकले. पातेल्याचं झाकण उघडलं, चुलीचा डबा हलवून बघितला. एक वही निघाली, तिच्यात बसच्या वेळा लिहिलेल्या आणि बाटल्यांवरून भिजवून काढलेली वाईनची लेबलं चिकटवलेली. वहीच्या मधोमध एक वाळलेलं द्राक्षाचं पान होतं.

"हे काय?"

"मेंदोझा. आठवण."

"आठवण पिंपात," मी म्हणाले आणि टाकली. पान कुरकुरीत वाळलेलं होतं, त्यात पतंगाचं अंडंसुद्धा जगलं नसतं, हे मला कळत होतं. तरी टाकली. मेंदोझाहून पान आणणारा उद्या वेलीची काडी आणेल.

अर्धा तास गेला. तोवर बाकीचे प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करून परत चढले. आईही त्याच बसला होती. तिच्या डोळ्यांवर उपचार चालू होते, म्हणून सोमवारी ती शहरात जाऊन आदेलिनामावशीकडे मुक्काम करायची आणि मंगळवारी परत यायची. मी तिला हात धरून उतरवलं, नाक्याच्या सावलीत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि हात धरून परत चढवलं.

"हा ग्रिंगो बसमध्ये असला की आम्ही सगळे संत," वेन्स इंजिन चालू करत म्हणाला. "देवा, याचा दात सावकाश बरा कर."

सगळी बस हसली. मीही हसले.

संध्याकाळी मांडवाखाली जेवताना मी निटोला सगळं सांगितलं. तो शेजारीच राहतो, पण बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यामुळे जेवायला आमच्याकडे असायचा. आईने मटणाचा रस्सा केला होता, सेमिता पाव होता आणि नंतर वाडग्यात धुतलेले, देठ काढलेले द्राक्षाचे मणी.

"त्याची सॅक रिकामी होती, हाच पुरावा," मी मणी तोंडात टाकत म्हणाले. "एवढा मोठा प्रवास आणि एक सफरचंदसुद्धा नाही? कोण असा प्रवास करतं? त्याने आधीच कुठेतरी दडवून ठेवलं असणार."

"कुठे दडवणार, ताई?"

"ते मी शोधीन."

"दात दुखतोय बिचाऱ्याचा," आई म्हणाली. "बसमध्ये माझी पिशवी वर ठेवून देतो. आईबापांनी वळण लावलंय."

"वळण," मी म्हणाले. "चोराला वळण जास्त असतं."

 निटोने वाडगा स्वतःकडे ओढला आणि राहिलेले मणी संपवले. त्याला लहानपणापासून द्राक्षं अशीच लागतात, थंड, नुसती, पावाबरोबर नाही.

बुधवारी मी सापळे बघायला निघाले. चौदा नंबरचा सापळा निटोच्या बागेच्या कोपऱ्यावर, आमच्या परसाच्या कुंपणाला लागून टांगलेला आहे. चिकट कागद बाहेर ओढला. कागदाच्या मधोमध, पंख पसरून, तिसरा.

मी तिथेच पाटाच्या कडेला बसले. वर मांडवातून घड लोंबत होते, अजून हिरवे, टणक. मण्यांत आता कुठे पाणी उतरायला लागलं होतं. निटो दुसऱ्या टोकाला पानं काढत होता, घडांना ऊन मिळावं म्हणून. शीळ घालत होता. मला त्याला हाक मारवेना.

ओलगिनना फोन केला. 

"शुक्रवारी येतो," ते म्हणाले. "झुलेमा, सापळा कुठे आहे याला फार अर्थ नाही. नर पतंग वासाने लांबून येतो. उगम कुठला ते शोधून ठेव. कुणी आणलं, कशातून आणलं, कुठे टाकलं. वर्तुळ तिथे मारू. उगम मिळाला नाही तर मात्र सापळ्याभोवतीच मारावं लागेल."

"आणि उगम नदीपलीकडच्या कॅम्पिंगमध्ये असेल तर?"

"मग वर्तुळ कॅम्पिंगभोवती. तिकडे आहे काय, दगडगोटे आणि फुटबॉलचं मैदान."

माझा जीव भांड्यात पडला. कॅम्पिंगमध्ये एकच तंबू होता.

गुरुवारी सकाळी चौकशीचा फॉर्म घेऊन मी नदीपलीकडे गेले. खरं सांगायचं तर मी चौकशीला नव्हते गेले, कबुली घ्यायला गेले होते. योरिस तंबूपुढे बसून पातेल्यात सूप ढवळत होता. रुमाल सोडलेला होता आणि गाल टम्म सुजलेला. मी न विचारताच कचऱ्याची पिशवी उलटी केली. सूपची पाकिटं, कापसाचे बोळे, गोळ्यांची रिकामी पट्टी. फळाची सालसुद्धा नाही.

"मला सांग, शहरातून द्राक्षं आणून कुठे टाकलीस?"

"मी आणली नाहीत."

"मग कुणी आणली? पतंग काय तिकीट काढून आला?"

त्याने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारते आहे.

"द्राक्षं तुझी आई आणते," तो म्हणाला.

"काय?"

"हातपिशवीत. मांडीवर. दर मंगळवारी. मला दिली, मी चावू शकत नाही. मग तिने कपात पिळून रस दिला. चांगला रस. गोड. मला वाटलं, तुला माहीत आहे. तुझी आई आहे."

मी त्याला नको ते बोलले. म्हाताऱ्या बाईवर आळ घेतोस, फुकटचा रस पिऊन वर चुगली करतोस, इथल्या माणसांत भांडणं लावतोस, असलं पुष्कळ. त्याला निम्मं कळलं नसेल. तो उठून उभा राहिला आणि ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी खोटं बोलत नाही. तू माझा मोजासुद्धा बघितला आहे."

परत येताना पुलावर पाय भराभर पडत होते, पण डोकं जागेवर नव्हतं. मंगळवारचे मणी मला आठवत होते. पिकलेले, पातळ सालीचे, तोंडात फुटणारे. निटोच्या बागेतले घड मी बुधवारी डोळ्यांनी बघितले होते, हिरवे आणि टणक. शहरात ऊन जास्त, तिकडचं मोस्कातेल आमच्या आधी महिना-दीड महिना पिकतं. हे नाक्यावर नव्याने येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी शिकवते. आणि माझ्याच ताटात पिकलेलं मोस्कातेल आलं तेव्हा मला वाटलं, पाटाजवळची एखादी वेल लवकर आली असेल. वाटलंसुद्धा नाही खरं तर. मी ग्रिंगोबद्दल बोलत होते आणि खात होते.

परसात कोंबड्यांच्या खुराड्यामागे उकिरडा आहे. काठीने उकरला. वरच देठ सापडले, तीन घडांचे. त्यातल्या एकाला पाचसहा सुरकुतलेले मणी तसेच राहिले होते आणि त्यांच्यामध्ये पांढरं, बारीक जाळं होतं. चौदा नंबरचा सापळा तिथून वीस पावलांवर.

आई स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत होती. मी तो देठ तिच्यापुढे टेबलावर ठेवला. तिने डोळे बारीक करून बघितला.

"आदेलिनाच्या अंगणातला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी लावलेली वेल. यंदा लगडलीय नुसती."

"तू हे बसमधून आणलंस?"

"मग काय चालत आणीन?"

"आई, माझ्या नाक्यावरून? माझ्या नाकासमोरून?"

"दर मंगळवारी. निटोला आवडतात म्हणून. तुलाही आवडले, वाडगा रिकामा केलात दोघांनी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

आई कणीस खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

"तू विचारलंस का कधी?" ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी त्या नाक्यावरून ये-जा करते. तू मला पाणी देतेस, हात देतेस. फर्मिना लिएंद्रो, पिशवीत काय आहे, असं एकदा तरी विचारलंस? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी काय खोटारडी आहे?"

"बाकीच्यांना विचारते ना."

"कुणाला विचारतेस? सॅकवाल्यांना विचारतेस. बसमध्ये तो मुलगा चढला की त्याच्या आजूबाजूच्या जागांसाठी मारामारी होते, माहीत आहे? रुफिना खिडकी सोडून त्याच्या शेजारी बसते. तू त्याचे मोजे हुंगत असतेस तेव्हा बसमध्ये पिशव्या या सीटखालून त्या सीटखाली जातात. गावाला सगळं माहीत आहे, झुलेमा. तुला सांगायचं कुणी?"

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तर कमी लागलं असतं. तो वेन्स, 'आम्ही सगळे संत' म्हणत होता, आणि मी हसले होते. मला वाटायचं, मी संशय घेते म्हणून खोरं राखलं गेलंय. माझा संशय कुणावर पडतो हे सगळ्या गावाने ओळखलं होतं आणि त्याच्या आडोशाने सगळं गाव फळं नेत होतं.

निटो दारात उभा होता. कधी आला कोण जाणे. टेबलावरचा देठ त्याने बघितला आणि मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा मला आणखी एक गोष्ट समजली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "तू बागायतदार आहेस. तुला पहिल्याच मण्याला कळलं असणार."

"कळलं होतं."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"मावशीकडचे दोनतीन घड, ताई. त्यातून असं काही होईल असं वाटलं नाही." तो खुर्ची ओढून बसला. रडवेला झाला होता. "आता काय लिहिणार आहेस?"

मी देठ उचलून एका डबीत ठेवला.

"ग्रिंगोचं नाव लिही," तो म्हणाला. "गावात सगळे तेच म्हणतायत. तूच तीन आठवडे सांगत होतीस, आता तर सगळ्यांना पटलंय. शनिवारी तो पुढच्या गावाला जाईल. त्याचं काय जाणार आहे? ओलगिन त्याला बेल्जियमला शोधायला जाणार आहेत का? माझी बाग इथे आहे. त्या वेलींची मुळं इथे आहेत."

"आणि अळ्या? कॅम्पिंगभोवती वर्तुळ मारलं म्हणून इथल्या अळ्या मरतील?"

"मी उकिरडा जाळतो. आज जाळतो. औषध मारतो. कुणाला कळणार नाही."

"पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्याला कळेल."

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. मला या वर्षाचं सांग."

आई म्हणाली, "माझं नाव लिही म्हणावं. मी म्हातारी, माझं काय करतील?"

"आई, तुला काही करणार नाहीत," निटो म्हणाला. "मला करतील. वर्तुळ तुझ्या खुराड्याभोवती पडेल आणि आत माझी बाग आहे. सगळी."

 निटो हातांकडे बघत बसला. त्याच्या बोटांना पानांचा हिरवा डाग होता, सकाळपासून घडांना ऊन मिळवून देत होता. माझं त्याच्यावर किती प्रेम आहे हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, आमच्यात तसं सांगत नाहीत. त्या क्षणी सांगावंसं वाटलं, आणि तेव्हाच सांगण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवारी ओलगिन आले. नाक्यातल्या टेबलावर नकाशा पसरला, खिशातून कंपास काढला.

"बोल. कॅम्पिंग ना? गावात शिरताच तिघांनी थांबवून सांगितलं मला. तो ग्रिंगो म्हणे."

मी त्यांना त्या वेळी हो म्हणू शकत होते. हो म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, नुसती गप्प बसले असते तरी कंपासाचं टोक आपसूक नदीपलीकडे गेलं असतं. त्या पोराला मी तीन वेळा सगळ्यांदेखत रिकामं केलं होतं आणि त्याच्याकडे एका वाळक्या पानाशिवाय काही निघालं नव्हतं. मला तोच मिळायला हवा होता, इतका की मी दुसरीकडे बघितलंच नाही.

"नाही," मी म्हणाले. "आमचं परस." आणि डबीतला देठ त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी भिंग काढून जाळं बघितलं. अळीही सापडली. नकाशावर परस शोधलं आणि कंपासाचं टोक टेकवलं, पण फिरवला नाही.

"आत निटोची बाग येते, झुलेमा."

"माहीत आहे."

"कुणी आणलं?"

"आईने. फर्मिना लिएंद्रो."

"नाक्यावर विचारलं होतं तिला?"

"नाही."

"ड्यूटीवर कोण होतं?"

"मी," मी म्हणाले. "तिन्ही वेळा मीच. तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मग कंपास फिरवला.

शनिवारी योरिस गेला. मी थांब्यावर गेले आणि त्याला सांगितलं की तू खरं बोलला होतास. तो म्हणाला, हो. वही त्याने काढून दाखवली नाही, मीही पानाचं बोलले नाही. उत्तरेची बस आली, त्याने सॅक उचलली आणि सवयीने माझ्यापुढे उघडायला गेला. मी म्हटलं, नको, जा.

सोमवारी शहरातून सहा माणसं आली आणि घड कापायला लागली. दोन हेक्टर मोस्कातेल दोन दिवसांत खाली आलं. निटो आत गेला नाही. रस्त्यावर दगडावर बसून खड्डा खणणारं यंत्र बघत होता. मी त्याच्यासाठी माते, आमचा पाल्याचा कडू चहा, घेऊन गेले, तर त्याने पेला घेतला, प्यायला, परत दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्या जगावर संशय घेतलास, ताई. खरं निघालं ते आपल्याच घरात." मी रिकामा पेला घेऊन परतले. त्या दिवसापासून तो जेवायला येत नाही. शहरात कुठे काम मिळेल का, असं वेन्सला विचारत होता म्हणे.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी बस नाक्यावर आली. आत सॅकवाला नव्हता. मी चढले, तर नेहमीचे सगळे चेहरे खाली बघत बसलेले, कुणाच्या तोंडात घास नाही की हातात काही नाही. आई पहिल्या सीटवर होती. मी तिला विचारायला तोंड उघडणार, तोच ती उठली. मी हात पुढे केला, पण तिने दांडीला धरलं आणि आपली आपण एकेक पायरी चाचपत उतरली. टेबलाशी गेली आणि सगळ्या बसच्या देखत हातपिशवी उलटी केली. डोळ्यांत घालायचं औषध, जपमाळ, कंगवा, तिकीट, घडी केलेला रुमाल.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं, आई."

"नीट बघ. अस्तराला भोक आहे, आत काहीही जाऊ शकतं."

बसमधून सगळे बघत होते. वेन्सने इंजिन बंद केलं होतं.

मी पिशवी हातात घेतली, अस्तराच्या भोकात बोटं घातली आणि कोपऱ्यापर्यंत चाचपून बघितलं.